चकाकणाऱ्या कात्रणांचं पुस्तक

माझ्या पहिल्या नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी एका माणसाने माझं डिझाइन कापायला साफ नकार दिला. त्याच माणसामुळे पुढे मला माझं काम आलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे.

छापखाना काही फार मोठा नव्हता. पुढे ऑफिस, मागे छपाईची दोन मशिनं, त्यांच्यामागे बाइंडिंगचं लांबलचक टेबल आणि अगदी शेवटी, उत्तरेच्या खिडकीखाली, कागद कापायचं मशीन. आमची ओळख होती ती चमकीच्या कागदाच्या कामाची. मोत्यासारखा पांढरा, सोनेरी, चंदेरी, तांब्याच्या रंगाचा, गडद निळा असे कितीतरी. हात फिरवला तर साधाच वाटणारा, पण उजेडात तिरका धरला की अंगभर लकाकणारा. पत्रिका, पुस्तकांची वेष्टनं, अत्तराच्या बाटल्यांचे खोके, शुभेच्छापत्रं, असली कामं आमच्याकडे लांबून लांबून यायची.

मी एक पत्रिका केली होती. तांब्याच्या रंगाचा जाड कागद, दाराच्या दोन फळ्यांसारखी उघडणारी घडी. मला स्वतःला ती भारीच आवडली होती. कटिंग मशीनवरच्या गृहस्थांनी माझं काम पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे नाही कापणार मी."

"का बरं?"

उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी टेबलाखालच्या खोक्यातून त्याच कागदाचा तुकडा काढला. एक घडी उभी घातली, एक आडवी, आणि तुकडा माझ्या हातात ठेवला. एक घडी मिटल्या ओठांसारखी स्वच्छ होती. दुसरी तडकली होती; तांब्याचा थर फाटून आतला पांढरा कागद रेघभर बाहेर डोकावत होता.

"कागदालाही अंग असतं, ताई. लाकडाला असतं ना, तसंच. त्या अंगाने वाकवला तर ऐकतो, आडवा वाकवला तर मोडतो. साध्या कागदात ते झाकून जातं. हा चमकीचा मोठा चुगलखोर. सगळं बोलून दाखवतो."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. "सगळं बदलायला नको," ते म्हणाले. "पत्रिका शीटवर फिरवून मांडू. सहाच्या जागी चारच बसतील, कागद जास्त लागेल. बाईंना मी सांगतो."

चूक माझी होती आणि सांगायला ते गेले.

छापखान्यात त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते हाकेला ओ देत. उंच, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात एक फुटाची स्टीलची पट्टी. हातांत पांढरे सुती मोजे, कारण चमकीच्या कागदावर बोटाचा ठसा उमटला की तो पुसून जात नाही. ते मोजे ते रोज घरी नेऊन स्वतः धूत आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री करून आणत. त्यावरून बाइंडिंगच्या टेबलावरच्या बायका त्यांची थट्टा करायच्या. "मिलिमीटर, शर्टाला सुरकुत्या आणि मोज्यांना इस्त्री?" ते म्हणायचे, "शर्ट कागदाला लागत नाही."

या नावामागची गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली, आणि सांगताना स्वतःवर हसायची एकही संधी सोडली नाही. वयाच्या पंचविशीत ते या छापखान्यात आले. त्याआधी दोन ठिकाणांहून त्यांना काढलं होतं, दोन्ही वेळा निष्काळजीपणामुळे. इथे आल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी मोत्याच्या रंगाच्या महागड्या कागदाचा अख्खा गठ्ठा चार मिलिमीटर आखूड कापला. पुस्तकांच्या वेष्टनांसाठीचा कागद होता तो. चार मिलिमीटर कमी म्हणजे वेष्टन पुस्तकावर बसणारच नाही.

छापखान्याच्या मालकीणबाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाई मशीनजवळ आल्या. मिलिमीटर आधीच डबा आणि छत्री घेऊन निघायच्या तयारीत उभे होते.

"कुठे निघालास?"

"घरी. काढणारच ना तुम्ही."

"चार मिलिमीटर म्हणजे किती, ते बोटांनी दाखव बघू."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. बाईंनी पट्टी लावली. सात भरले.

"तुझ्या बोटांत अजून चार मिलिमीटर आलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "ते आले की मशीनवर बस. तोवर इथेच राहून शीक. डबा ठेव आत."

मग तीन महिने त्यांनी मशीनला हात लावला नाही. दिवसभर कागद मोजायचे. आधी डोळ्याने अंदाज, मग बोटाने, मग पट्टी लावून खातरजमा. आखूड झालेल्या गठ्ठ्याचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाईंनी त्यातून पुस्तकांत ठेवायच्या खुणा कापून घेतल्या. माझ्याकडूनच. हजारांनी. एकेक कापताना वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. शेवटची कापली तेव्हा बोटांत चार मिलिमीटर आले होते." मग म्हणाले, "ताई, ओरडल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो. त्यांनी शिकवलं. ते कसं विसरणार?"

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते, त्यांची धाकटी बहीण आणि भाची असे राहायचे. मेहुणे लांब पल्ल्याची मालगाडी चालवायचे, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. भाची तेव्हा अडीच वर्षांची होती. ते तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. "आज बाईसाहेबांनी माझा चष्मा पाण्याच्या बादलीत ठेवला," असं कौतुकाने सांगायचे. ती इतरांसारखी बघू शकत नाही हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

ते कळलं एका दुपारी. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले.

"ताई, एक मांजर काढून द्याल?"

"देते की. कशासाठी?"

"भाचीसाठी. पण मांजरासारखं हुबेहूब नको. मांजर आहे हे कळेल, एवढंच असावं."

मला काहीच उमगलं नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं.

भाची आठ महिन्यांची झाली तरी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. हाक मारली की हसायची, पण मान दुसरीकडेच. आईच्या मनात पाल चुकचुकत होती; येणारे-जाणारे म्हणायचे, काही मुलं उशिरा बघतात, होईल. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, नजर अगदी थोडी आहे. पूर्ण काळोख नाही, पण चेहरे, खेळणी, चित्रं यांतलं तिच्यापर्यंत फारसं काही पोहोचत नाही. औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारणारं हे नव्हे. त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्याने बोलेना. बहीण कामं करायची, जेवायची, पण दगडासारखी. मेहुणे फोनवर विचारायचे, "काय म्हणतेय?" आणि इकडे काय सांगावं ते कुणालाच सुचायचं नाही.

अशातच एका सुट्टीच्या सकाळी मिलिमीटर भाचीला मांडीवर घेऊन खिडकीत बसले होते. अंगात कामावरचाच शर्ट होता. त्याच्या दुमडलेल्या बाहीत आदल्या दिवशीची सोनेरी कागदाची एक पट्टी अडकून राहिली होती, बोटभर लांब. खिडकीतून ऊन आलं. पट्टी लखलखली. आणि पोरीने मान वळवली.

"मला वाटलं, उगाच," ते म्हणाले. "पट्टी बाहेर काढली, डावीकडे नेली. मान डावीकडे. उजवीकडे नेली. मान उजवीकडे! मी ओरडलो, अगं ये, लवकर ये! बहिणीला वाटलं पोर पडली. दूध तसंच गॅसवर सोडून धावत आली. मी म्हटलं, बघ. तिचा विश्वास बसेना. तिने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः हलवून पाहिली. पोर त्या पट्टीकडे बघून खिदळली. आवाज नव्हता कसला, हाक नव्हती. नुसतं बघून हसली. आत दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी आम्हाला पत्ता नाही."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र हसरा. "ती पट्टी बाहीत अडकली नसती तर? शर्ट बदलला असता तर? मी आजही तो विचार करतो आणि आधी त्या पट्टीला हात जोडतो."

त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या खोलीत गेले होते. कटिंगची कात्रणं रद्दीतच जायची, कुणी मूठभर नेली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ते विचारायला गेले.

"कात्रणं न्यायला परवानगी कसली मागतोस?"

"विचारल्याशिवाय नेणार नाही, बाई."

"कशाला हवीत?"

त्यांनी सांगितलं. बाईंनी समोरची वही मिटली. मग उठून स्वतः गोदामात गेल्या आणि तिथल्या माणसाला सांगून एक रिकामा खोका कटिंग मशीनजवळ ठेवायला लावला. "यात फक्त चकाकणारं पडेल," त्यांनी बजावलं. "आणि यातलं रद्दीत गेलं तर माझ्याशी गाठ आहे."

मला मांजर काढायला सांगितलं तेव्हा त्या खोक्याला दीड वर्ष झालं होतं. तोवर त्यांनी पट्ट्या, चौकोन, त्रिकोण असे कितीतरी तुकडे घरी नेले होते. पोरीला ते दिसायचे. आता तिला वस्तू दिसाव्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मी झोकात मांजर काढलं. मिश्या, डोळे, पंजे, शेपटीवर पट्टे. त्यांनी घरी बसून छोट्या सुरीने ते चंदेरी कागदातून कापलं. मशीन फक्त सरळ कापतं; वळणं हातानेच कापावी लागतात. दुसऱ्या दिवशी बोटांना दोन पट्ट्या लावून आले. "आयुष्यभर सरळ कापलं," म्हणाले, "आता या वयात वाकडं कापायला शिकतोय."

"आवडलं का तिला?"

"मांजर नाही दिसलं. नुसता चकाकाट दिसला. मिश्या-बिश्या सगळ्या त्यात बुडाल्या."

मला जरा लागलंच. पण ते माझ्या चित्राला नावं ठेवत नव्हते. काय दिसलं आणि काय नाही, तेवढं सांगत होते. पुढचे दोन महिने आम्ही दोघं एवढंच करत राहिलो. मी काढायचं, त्यांनी कापायचं, बाईसाहेबांनी पास-नापास करायचं. कमी दिसणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी येऊ लागल्या होत्या. त्यांनी सांगितलं, मागे काळं ठेवा, चमक नसलेलं काळं. एका पानावर एकच वस्तू. उजेड मुलीच्या खांद्यामागून येऊ द्या. मग आम्हाला कळत गेलं की चंदेरी फार डोळ्यांवर येतं, मोतिया रंग तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि तांब्याचा रंग तिला सगळ्यात लवकर सापडतो. शिकत गेलो तसं मी चित्रांतून एकेक गोष्ट काढून टाकत गेले. कॉलेजात मी पाच वर्षं चित्रात काय काय घालायचं ते शिकले होते. काय काढून टाकायचं ते या माणसाने आणि त्याच्या न भेटलेल्या भाचीने शिकवलं.

काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या आकृत्यांचं पहिलं पुस्तक तयार झालं. आठ पानं. चमचा, कप, चप्पल, कंगवा, किल्ली, चेंडू, छत्री आणि शेवटी मांजर. तीन दिवस घरात आनंदीआनंद. चौथ्या दिवशी मिलिमीटर आले ते मान खाली घालून. किल्लीचं टोक पुठ्ठ्यावरून उचकटलं होतं आणि त्या जाड कागदाच्या कडेने भाचीच्या बोटाला चीर पडली होती.

"रक्त आलं, ताई. माझ्या हातच्या कागदाने."

मी समजूत घालून पाहिली, बाइंडिंगच्या बायकांनी घालून पाहिली. व्यर्थ. पुस्तक त्यांनी कपाटावर ठेवून दिलं. खोका भरून वाहू लागला तरी त्यातलं एक कात्रण त्यांनी उचललं नाही. महिनाभर ते यंत्रासारखे कापत राहिले, थट्टेला उत्तर नाही की काही नाही.

शेवटी त्यांना उठवलं ते बहिणीने. ती डबा विसरल्याचं निमित्त करून छापखान्यात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. भावासारखीच उंच, बोलायला त्याच्यापेक्षा धीट. मशीनजवळ उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, तुझ्या बाईसाहेब रोज सकाळी पुस्तक ठेवायच्या जागी जाऊन हात फिरवतात. पुस्तक नसतं. मग तिथेच बसून राहतात. बोटाचं खरचटलेलं ती दुसऱ्या दिवशी विसरली. तुझं पुस्तक नाही विसरली."

मिलिमीटरांनी पुढचा गठ्ठा मशीनवर सरळ केला.

"आणि चिकटवायचं कशाला वरून?" ती पुढे म्हणाली. "फोटोच्या चौकटीत फोटो मागे असतो ना? तसं कर. काळ्या पुठ्ठ्यालाच किल्लीच्या आकाराचं भोक पाड आणि चमकी मागून लाव. वर कडच येणार नाही, तर लागेल काय?"

मशीनभोवती उभे असलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कागदात अर्धं आयुष्य घालवलेली माणसं आम्ही, आणि आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मिलिमीटरांनी हातातले मोजे काढले. त्यांनी इतकंच विचारलं, "डबा खरंच विसरलो होतो का गं मी?"

"नाही," ती म्हणाली. "मीच काढून ठेवला होता."

नवं पुस्तक त्यांनी तीन आठवड्यांत केलं. बहिणीची युक्ती अचूक होती, वर तिचा एक फायदा कुणीच धरला नव्हता. आकार पुठ्ठ्यात खोल गेल्यामुळे तो बोटालाही कळत होता. जे डोळ्याला अर्धवट दिसेल ते बोट पुरं करत होतं. फक्त एक अडचण आली. चमकीच्या गुळगुळीत थरावर गोंद धरेना, पुठ्ठे सुटायला लागले. तेव्हा मिलिमीटरांनी चमकीचा कागद पुठ्ठ्यापेक्षा चारी बाजूंनी आठ मिलिमीटर लहान कापला, म्हणजे कडेला पुढचा पुठ्ठा थेट मागच्या पुठ्ठ्याला चिकटतो आणि चमकी मधे आपोआप धरून राहते. पुठ्ठ्यांचे कोपरे गोल केले. बाइंडिंगच्या बायकांनी पानं अशी शिवून दिली की पुस्तक उघडलं की सपाट पडावं.

पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी चमच्याच्या पानावर बोट ठेवलं. खोलगट भागातून दांड्यापर्यंत फिरवलं. परत फिरवलं. मग उठल्या, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि खरा चमचा घेऊन आल्या. तो पानावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा."

मिलिमीटर दुसऱ्या दिवशी छापखान्यात पेढे वगैरे घेऊन आले नाहीत. दारातून आत आले, प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: "चमचा आणला तिने. 'हा' म्हणाली." बाईंना सांगितलं, मशीनवाल्याला सांगितलं, टपाल घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं. त्या बिचाऱ्याला मागचं-पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तोही म्हणाला, "वा, छान झालं!"

पुस्तक बघून शिक्षिका ते शाळेत घेऊन गेल्या. आठवड्याने परत आल्या त्या चौदा आईबापांची विनंती घेऊनच. मिलिमीटरांनी हिशोब केला. एका पुस्तकाला तीन आठवडे, चौदा पुस्तकांना जवळजवळ वर्ष. ते तरीही करायला बसले असते. पण बाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला आणि त्यांना बोलावून घेतलं.

"हाताने काय कापत बसलायस? साचा करून घे. छापखाना कशासाठी आहे?"

आकार कापायचा पोलादी साचा करणारे काका आमच्याच गल्लीत होते. आठाच्या जागी आता बारा पानं करायची ठरली; त्यांनी बारा पानांचे बारा साचे केले, आणि आमच्या रागीट मशीनवाल्याने शनिवारी दुपारी थांबून ते चालवले. थांबा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या शनिवारी तिघं होतो, तिसऱ्या शनिवारी सगळा छापखाना. बाइंडिंगच्या बायका शिवताना गाणी म्हणायच्या आणि मिलिमीटर प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक कापलेल्या आकारातून मोज्याशिवाय, उघडं बोट फिरवायचे. कुठे एखादी कड बोटाला टोचली की पुस्तक बाजूला. दोनशे पुस्तकं झाली. चौदा त्या शाळेला, बाकीची शिक्षिकांनी ज्या ज्या शाळांना कळवलं त्यांना.

पुस्तकं द्यायला आम्ही एका सकाळी शाळेत गेलो. खोलीत चटया अंथरल्या होत्या, पालक मुलांना मांडीवर घेऊन बसले होते. भाषण नव्हतं. शिक्षिकांनी पुस्तकं वाटली आणि खिडक्यांचे पडदे बाजूला केले. एक गृहस्थ होते, हाताला ग्रीस लागलेले, बहुधा कामावरून तसेच आले असावेत. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. मुलगा पुस्तक बघत होता आणि ते मुलाला. मुलाने किल्लीवर बोट ठेवून बापाचा खिसा चाचपला. बापाने खिशातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली, आणि मग उठून सरळ मिलिमीटरांपाशी आले.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही हो. मी कागद कापतो."

त्या माणसाने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बराच वेळ धरून ठेवले. नवी पुस्तकं हाताळायला घातलेल्या त्यांच्या सुती मोज्यांवर ग्रीसचे काळे पंजे उमटले. मिलिमीटरांनी ते मोजे नंतर धुतले का, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र छापखान्यात त्यांना कुणी मिलिमीटर म्हणेना. आधी शाळेतली मुलं, मग पालक, मग आम्ही सगळेच 'मामा' म्हणू लागलो.

याला आता पंधरा वर्षं झाली. पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. बाई तिसरी आवृत्ती बघून गेल्या; शेवटच्या दिवसांत त्यांचीही नजर कमी झाली होती आणि ते पुस्तक त्यांच्या उशाशी असायचं, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. भाची मोठ्या अक्षरांतली पुस्तकं भिंग लावून वाचत शाळा पार करून गेली. आज ती कॉलेजात आहे, भाषा शिकते, आणि मामांपेक्षा चारपट बोलते. तिचे वडील आता जवळच्या फेऱ्या घेतात, रोज घरी येतात. आणि तिची आई, जिच्या एका वाक्याने ते पुस्तक उभं राहिलं, ती त्याच शाळेत नोकरी करते.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना बोला म्हटलं तर लाजून लाल झाले. शेवटी उठले आणि म्हणाले, "मला दोन ठिकाणांहून काढलं, त्यांचेही आभार. काढलं नसतं तर इथे आलो नसतो. बाईंचे आभार. मशीनचे आभार, इतकी वर्षं माझी दहाही बोटं त्याने मला परत दिली. बहिणीचे आभार, ती डबा लपवते म्हणून. आणि ताईंचे, चित्रातल्या मिश्या काढून टाकल्या म्हणून." खाली बसले. मग परत उभे राहिले. "कात्रणांचे राहिले," म्हणाले आणि पुन्हा बसले.

आता ते दर बुधवारी शाळेत जातात. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करतात आणि मुलांनी मागितलेली नवी पानं तिथेच बसून हाताने कापतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "ताई, नळाचं पाणी कसं कापायचं?"

नवी आलेली पाच वर्षांची एक मुलगी. तिला वस्तू नको होती. तिला चालू नळ हवा होता. मी तीन चित्रं पाठवली, तिन्ही नापास झाली. थेंब काढले तर ते बटणांसारखे दिसत होते. धार काढली तर काठी वाटत होती. म्हणून त्या बुधवारी मी स्वतःच गेले. आम्ही दोघं चटईवर बसलो, काळा पुठ्ठा मधे. मामांनी त्यात नळ कापला, आणि नळाखाली केसासारख्या बारीक उभ्या फटी पाडायला लागले. एक, दोन, पाच, वीस. सगळ्या, हातभर अंतर राखून नाराज बसलेल्या त्या मुलीसमोर. मागे त्यांनी चंदेरी लावलं. आम्ही वर्षानुवर्षं टाळलेलं, डोळ्यांवर येणारं चंदेरी.

मुलीने पान हातात घेतलं. काहीच दिसलं नाही तिला, असं वाटलं. मग तिने ते उजेडाकडे जरासं तिरकं केलं, आणि एकापाठोपाठ एकेका फटीतून उजेड चमकत, विझत, चमकत वरून खाली पळत गेला. तिने पान परत सरळ केलं. परत तिरकं केलं. मग घाईघाईने आपल्या दोन्ही तंगड्या चटईवरून वर उचलल्या.

"अहो मामा, नळ बंद करा ना!" ती ओरडली. "सगळं सांडतंय!"